अमेरिकेतल्या जुन्या ‘नॅशनल बँक’ नोटा: ओळखायच्या कशा, किंमत कशी ठरते?

मृण्मयी_ओहायो

नमस्कार मंडळी. जुन्या अमेरिकन नोटांची जाण असलेलं इथे कुणी असेल तर मदत हवी आहे.

आमच्या शेजारच्या आजींचं वय ८० च्या पुढे. माहेर इथल्याच, ओहायोतल्या एका छोट्या गावातलं, वडील तिथल्या बँकेत नोकरीला होते. आता मोठं घर विकून लेकीकडे राहायला जायचं म्हणून आवराआवर चालली आहे. त्यात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चार जुन्या नोटा निघाल्या. आजींना त्या नातवंडांत वाटायच्या आहेत, पण कुणाला कमी कुणाला जास्त असं व्हायला नको, म्हणून किंमत कळायला हवी. एका दुकानदाराने चारही मिळून १५० डॉलर सांगितले, वर ‘आज देत असाल तरच’ अशी घाई केली. ती घाई मला खटकली. आजींना म्हटलं, थांबा, आधी विचारून बघू.

नोटा अशा आहेत:

पहिली २० डॉलरची, १९२९ ची, चित्र जॅक्सनचं. शिक्का तपकिरी. वर ‘नॅशनल करन्सी’ छापलंय, डावीकडे ‘द फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ क्लीव्हलँड’ आणि मोठं काळं ‘डी’ अक्षर.

दुसरी १० डॉलरची, तीही १९२९ ची, हॅमिल्टन, शिक्का तपकिरीच. पण बँकेचं नाव ‘द फर्स्ट नॅशनल बँक ऑफ’ आणि पुढे आजींच्या गावाचं नाव. दोन्ही बाजूंना एक चार अंकी आकडा काळ्या शाईत उभा छापलेला. नोटेचा क्रमांक सी००१२४७ए.

तिसरी आकाराने बरीच मोठी. १० डॉलर, डावीकडे मॅकिन्ली, शिक्का निळा, ‘सिरीज ऑफ १९०२’. बँक तीच. मात्र आत आणखी एक तारीख आहे, १९०५ ची. खाली शाईच्या दोन सह्या, आणि ‘प्रेसिडेंट’च्या आधी कुणीतरी हाताने ‘व्हाइस’ लिहिलंय. मागच्या बाजूला साल नाही.

चौथी १,००० डॉलरची, ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’, साल १८४०. कागद पिवळट, जाडसर, कुरकुरीत. आजींची सगळ्यात जास्त आशा हिच्यावर.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आजींची ओळख उघड व्हायला नको.

वैदेही_न्यूजर्सी

वाचतेय. आमच्याकडे इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे) अशा नोटा काचेच्या पेटीत ठेवलेल्या दिसतात. किंमत वाटेल ती लावलेली असते, कशाच्या आधारावर ते कधी कळलं नाही.

नाणेघाट

मृण्मयीताई, आजींना थांबवलंत हे फार चांगलं केलंत. मी पेन्सिल्व्हेनियात राहतो आणि याच नोटा जमवतो, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

आधी चौथीचा निकाल लावू, कारण आजींची आशा तिथे आहे. नोटेवर ८८९४ हा क्रमांक आहे का बघा. असेल तर ती शोभेची नक्कल आहे. एकाच नोटेवरून या नकला पिढ्यान्‌पिढ्या छापल्या गेल्या आणि पर्यटनस्थळांवरच्या दुकानांत विकल्या गेल्या, म्हणून सगळ्यांवर क्रमांक एकच. कागद मुद्दाम पिवळा आणि कुरकुरीत केलेला असतो. खरा जुना नोटेचा कागद पातळ, मऊ असतो, बोटांत तसा कडकडत नाही.

आता उरलेल्या तीन. पहिली आणि दुसरी दिसायला बहिणी, पण जात वेगळी. इथेच सगळे फसतात, कारण दोघींवर ‘नॅशनल करन्सी’ लिहिलंय आणि दोघींचा शिक्का तपकिरी. पहिलीवर फेडरल रिझर्व्ह बँकेचं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतल्या एका विभागीय बँकेचं नाव आहे, आणि ‘डी’ म्हणजे क्लीव्हलँड. १९३३ च्या मार्चमध्ये देशभर बँका बंद पडल्या, लोक रोख पैशासाठी हवालदिल झाले, तेव्हा तातडीने नोटा हव्या होत्या. नॅशनल बँकांसाठी तयार असलेल्या नमुन्यावरच बारा फेडरल रिझर्व्ह बँकांची नावं छापून त्या बाजारात आणल्या. म्हणून साल १९२९ दिसतं. गोष्ट मोठी रंजक, पण त्या भरपूर उरल्या आहेत. वापरलेली २० ची असेल तर दर्शनी किमतीपेक्षा थोडं जास्त, एवढंच धरा.

दुसरी आणि तिसरी मात्र खऱ्या नॅशनल बँक नोटा.

गृहयुद्ध चालू असताना, १८६३ मध्ये, लिंकनच्या सरकारला पैसा हवा होता आणि देशाला एकसारखं चलन. तोवर राज्याराज्यांतल्या बँका आपापल्या नोटा काढायच्या आणि एका गावची नोट दुसऱ्या गावात पूर्ण किमतीला चालेल याची खात्री नसे. नव्या कायद्याने असं केलं: बँकेने केंद्राकडून सनद (चार्टर, म्हणजे बँक चालवायचा परवाना) घ्यायची, सरकारी रोखे विकत घेऊन ते वॉशिंग्टनला कोषागारात तारण ठेवायचे, आणि त्या बदल्यात रोख्यांच्या ९० टक्क्यांपर्यंत नोटा मिळवायच्या. १९०० मध्ये ही मर्यादा १०० टक्के झाली. राज्य बँकांच्या नोटांवर १० टक्के कर बसवला, तेव्हा त्या आपोआप बाजारातून गेल्या. नोटांचा नमुना देशभर एक, फक्त बँकेचं नाव, गाव आणि सनदेचा क्रमांक वेगळा. पहिल्या क्रमांकाची सनद फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेची. १९३५ मध्ये हे सगळं थांबलं तोवर सनदांचे आकडे १४,००० च्या पुढे गेले होते.

तुमच्या नोटांवरचा तो उभा चार अंकी आकडा म्हणजे हाच सनद क्रमांक. किंमत शोधायची सुरुवात तिथून होते.

मृण्मयी_ओहायो

८८९४ च आहे! आजींना सांगितलं. ‘वडिलांनी कुणाकडून तरी गंमत म्हणून आणली असेल,’ म्हणाल्या. पण तिसरीबद्दल लिहा ना, तीच मला सगळ्यात देखणी वाटते. आणि १९०५ म्हणजे छापल्याचं साल का?

नाणेघाट

नाही, १९०५ हे छपाईचं साल नाही. बँकेची सनद २० वर्षांची असायची, मग मुदतवाढ घ्यावी लागे. नोटेतली आतली तारीख बहुधा त्या सनदेची किंवा मुदतवाढीची असते. छपाई कधीची हे बाकीच्या खुणांवरून काढायचं.

१९०२ मालिकेचे तीन प्रकार. शिक्का लाल असेल तर सर्वांत आधीची आणि सहसा सर्वांत महाग. शिक्का निळा आणि मागे ‘१९०२–१९०८’ अशी सालं असतील तर मधली. शिक्का निळा आणि मागे सालं नसतील तर शेवटची, तुमची तीच.

ताई, आता दोन गोष्टी बघून सांगा. नोटेच्या दर्शनी बाजूला सनद क्रमांकाजवळ एखादं सुटं अक्षर आहे का? असलंच तर ओहायोसाठी ते ‘एम’ असेल. आणि नोटेवर क्रमांक दोन ठिकाणी आहेत, ते दोन्ही सारखे आहेत की वेगळे?

मृण्मयी_ओहायो

भिंगाने बघितलं. ‘एम’ कुठेही नाही. दोन्ही क्रमांक अगदी सारखे.

नाणेघाट

मग तुमची नोट १९२५ ते १९२९ या काळात छापली गेली.

कारण असं. जुन्या नोटा परत आल्या की वॉशिंग्टनला त्या बँकेनुसार वेगळ्या करण्याचं प्रचंड काम असे. ते सोपं व्हावं म्हणून १८७४ च्या कायद्यानंतर सनद क्रमांक ठळक छापायला लागले, आणि १९०२ पासून विभागाचं अक्षरही: न्यू इंग्लंडला ‘एन’, पूर्वेला ‘ई’, दक्षिणेला ‘एस’, मध्य-पश्चिमेला ‘एम’, पश्चिमेला ‘डब्ल्यू’, पॅसिफिक किनाऱ्याला ‘पी’. १९२४ मध्ये ही अक्षरं बंद झाली. तसंच आधी एक क्रमांक बँकेचा आणि एक कोषागाराचा असे. १९२५ मध्ये कोषागाराचा क्रमांक बंद करून बँकेचाच दोनदा छापायला लागले. १९२९ मध्ये नोटांचा आकार लहान झाला आणि ही मोठी नोट इतिहासजमा झाली.

आता सह्या. मोठ्या आकाराच्या नोटा वॉशिंग्टनहून चार-चारच्या अखंड तावांत बँकेकडे येत. गावातल्या कॅशियरने आणि अध्यक्षाने सही केल्यावरच ती नोट पुरी होई. ताव कापायचे तेही बँकेतच, कात्रीने. म्हणून अनेक नोटांची एक कड वाकडी असते, तो दोष धरू नका. अध्यक्ष गावाला गेलेला असला तर उपाध्यक्ष सही करी आणि ‘प्रेसिडेंट’च्या आधी दौत-टाकाने ‘व्हाइस’ घाली. तुमच्या नोटेवर तेच घडलंय. शाई बहुधा आता तपकिरी झाली असेल. पुष्कळ बँकांनी नंतर रबरी शिक्के वापरले आणि ते पुसट होऊन गेले, तेव्हा वाचता येणाऱ्या दोन हाताच्या सह्या असतील तर नोटेला मान जास्त.

आजींना विचारा, वडिलांचा साहेब कोण होता. सहीतलं नाव त्या ओळखतीलही.

कऱ्हाडकर

वा, काय तपशील! वाचनखूण साठवली. एक शंका: १९२९ च्या लहान नोटेवर ‘सी’ आणि ‘ए’ अशी अक्षरं का?

नाणेघाट

१९२९ च्या नोटा सहा-सहाच्या तावात बँकेकडे येत. पहिल्या प्रकारात तावावरच्या सहाही नोटांना क्रमांक एकच, फक्त पुढचं अक्षर ‘ए’ ते ‘एफ’ बदलतं, शेवटी ‘ए’ कायम. म्हणजे मृण्मयीताईंची नोट १,२४७ व्या तावातली वरून तिसरी. १९३३ पासून दुसरा प्रकार आला. त्यात क्रमांक ओळीने वाढत जातात, शेवटचं अक्षर नाही, आणि सनद क्रमांक काळ्याशिवाय तपकिरी शाईतही दोनदा छापलेला असतो. हा दुसरा प्रकार थोडाच काळ निघाला, म्हणून एकाच बँकेचे दोन्ही प्रकार असतील तर पुष्कळदा दुसरा जास्त दुर्मीळ. पहिल्या तावातली, म्हणजे ०००००१ क्रमांकाची नोट मिळाली तर संग्राहक तुटून पडतात, कारण बँकेतलीच माणसं ती आठवण म्हणून बाजूला काढून ठेवायची.

वैदेही_न्यूजर्सी

तिसऱ्या नोटेला मधोमध घडी असणारच. जाड कागदात ठेवून हलकी इस्त्री फिरवली तर बरी दिसेल ना? आमच्या ओळखीत एकांनी पाण्याने पुसूनही घेतली होती.

नाणेघाट

वैदेहीताई, कृपा करून कुणीच असं करू नका. या नोटांची छपाई उठावाची आहे, नखाने हळूच चाचपलं तर रेघा लागतात. इस्त्रीने तो उठाव बसतो. पाण्याने कागदातली मूळ कांजी जाते, आणि मोठ्या नोटांवर त्या शाईच्या सह्याच उतरतात. नोटांची प्रत ठरवणाऱ्या कंपन्या ७० गुणांच्या मापावर प्रत देतात आणि ‘धुतलेली’, ‘दाबलेली’, ‘कड छाटलेली’ असे शेरे मारतात. असा शेरा पडला की किंमत घसरते. घडी असलेली पण हात न लावलेली नोट संग्राहकाला जास्त आवडते. फाटली असेल तरी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच नको. मायलारचं, म्हणजे टिकाऊ पारदर्शक पॉलिएस्टरचं पाकीट घ्या. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पिशवीतून तेलकट द्रव सुटतो आणि नोट खराब होते.

जुना_बाजार_पुणे

उत्तम धागा. आपल्याकडच्या इतिहासाशी याची तुलना करण्यासारखी आहे. बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये निघाली, तीही स्वतःच्या नोटा काढायची. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने प्रेसिडेन्सी बँकांचा (बंगाल, बॉम्बे आणि मद्रासच्या) हा अधिकार काढून सरकारने स्वतःकडे घेतला. त्यानंतर दोनच वर्षांत अमेरिकेने गावोगावच्या बँकांना नोटा काढू दिल्या. तारण केंद्राकडे आणि बँकेचं नाव नोटेवर, असा तो मधला मार्ग दिसतो.

पण नाणेघाटराव, बँक बुडाली तर लोकांकडच्या नोटेचं काय व्हायचं?

नाणेघाट

फार महत्त्वाचं विचारलंत. बँक बुडाली तरी नोट बुडत नसे, कारण रोखे वॉशिंग्टनला होते. ठेवीदाराचे पैसे जात, नोटधारकाचे नाहीत. आजही ती नोट दर्शनी किमतीला कायदेशीर चलन आहे. किमतीचं सगळं गणित इथूनच निघतं. नोट कुठेही चालायची, मग आठवण म्हणून घरात कोण ठेवणार? फिरली, मळली, वॉशिंग्टनला परत गेली, नष्ट झाली. काही बँकांच्या हजारो नोटा निघाल्या आणि आज संग्राहकांना माहीत असलेल्या बोटांवर मोजण्याइतक्या. काहींची तर एकही नाही.

म्हणून वय आणि दर्शनी आकडा यांवरून अंदाज बांधू नका. न्यूयॉर्क, शिकागो अशा शहरांतल्या मोठ्या बँकेची १९२९ ची वापरलेली १० ची नोट १०० डॉलरच्या आत मिळू शकते. तीच मालिका, तोच हॅमिल्टन, तेवढीच मळलेली, पण आडगावच्या बँकेची असेल आणि नोंदीत दोन-तीनच असतील तर हजारांत जाते. अलास्का, हवाई, नेवाडा, ॲरिझोना, वायोमिंग यांची नावं दिसली की थांबून नीट बघावं. तिथे बँका आणि वस्ती दोन्ही कमी होती. राज्य होण्याआधीच्या ‘टेरिटरी’ अशी अक्षरं असलेल्या नोटा आणखी मोलाच्या. पेन्सिल्व्हेनिया, ओहायोत बँका पुष्कळ, पण इथे संग्राहकही पुष्कळ. आपल्या गावची नोट हवी म्हणून तिष्ठत बसलेला एखादा सेवानिवृत्त शिक्षक असतो, आणि तसे दोघे एकाच लिलावात भेटले की भाव कुठच्या कुठे जातो. उलट, कुणाच्या तरी तिजोरीतून त्याच बँकेचा गठ्ठा बाहेर आला तर भाव बसतो.

मृण्मयीताई, आता तुम्ही असं करा. हेरिटेज आणि स्टॅक्स बोवर्स या लिलावगृहांचे जुने निकाल इंटरनेटवर खुले आहेत. तिथे सनद क्रमांक टाका. ‘एवढ्याला विकायची आहे’ अशा जाहिरातींकडे बघू नका, प्रत्यक्ष विकली गेली तो आकडाच बघा. आपल्या नोटेच्या प्रतीशी ताडून बघा, आणि लक्षात ठेवा की त्यात खरेदीदाराने भरलेलं शुल्क धरलेलं असतं, विकणाऱ्याच्या हातात त्याहून कमी पडतं. ‘सोसायटी ऑफ पेपर मनी कलेक्टर्स’ ही १९६१ पासूनची संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावर बँकांचा इतिहास मिळतो. किती नोटा शिल्लक माहीत आहेत याची गणनाही संग्राहक ठेवतात. तो आकडा आणि लिलावाचा आकडा शेजारी ठेवलात की कुणी दुकानदार तुम्हाला घाई करू शकणार नाही.

कऱ्हाडकर

इथे भारतात ‘जुनी नोट द्या, लाखो मिळवा’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर रोज येतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी ‘नोंदणी शुल्क’ म्हणून पैसे भरले आणि समोरचा गायब झाला. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की तिच्या नावाने असं शुल्क मागणारे फसवे आहेत. अमेरिकेतल्यांनीही सावध राहा.

जुना_बाजार_पुणे

+१. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे असा कुठलाच खरा व्यवहार नसतो. मुंबईत असाल तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय जरूर बघा. आपल्याकडच्या जुन्या नोटा डोळ्याखालून गेल्या की खऱ्याखोट्याची नजर बसते.

वैदेही_न्यूजर्सी

विकायच्या नसल्या तरी त्या कंपन्यांकडून प्रत ठरवून घ्यावी का?

नाणेघाट

क्लीव्हलँडची २० ची नोट पाठवू नका, शुल्क आणि टपाल नोटेच्या नफ्याला खाऊन टाकेल. गावच्या दोन नोटांचं गणनेवरून ठरवा. दुर्मीळ निघाल्या आणि विकायच्या असल्या तर प्रमाणपत्र हवंच, कारण खरेदीदार फोटोवर बोली लावतो. घरात ठेवायच्या असतील तर दोन्ही बाजूंचं चांगलं स्कॅन पुरे.

मृण्मयी_ओहायो

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आजींना घेऊन संगणकासमोर बसले. सनद क्रमांक टाकला. त्यांच्या बँकेच्या १९२९ च्या नोटा लिलावांत अधूनमधून आलेल्या आहेत. जवळपास अशाच प्रतीची १० ची, पहिल्याच प्रकारातली, काही वर्षांपूर्वी ३०० डॉलरच्या वर गेली होती. मोठ्या आकारातल्या, मागे सालं नसलेल्या १० च्या नोटेची मात्र एकही विक्री सापडली नाही. दुसऱ्या लिलावगृहातही नाही.

सही दाखवली तेव्हा आजींनी कॅशियरचं नाव लगेच वाचलं. ‘हे आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे,’ म्हणाल्या. व्हाइस प्रेसिडेंटची सही मात्र त्यांना लागली नाही.

आता दुकानदाराकडे जायचं नाही असं ठरलंय. क्लीव्हलँडची २० ची आणि १९२९ ची १० ची धाकट्या दोघांना, मोठी नोट थोरल्या नातीला. फरकाचे पैसे आजी आपल्या खात्यातून धाकट्यांना देणार आहेत. पण मोठीची किंमत काय धरायची? विक्रीच नाही तर आकडा कुठून आणू?

नाणेघाट

विक्री सापडली नाही याचे दोन अर्थ होतात. एकतर ती खरंच दुर्मीळ आहे, किंवा आहेत तेवढ्या संग्राहकांकडे वर्षानुवर्षं बसून आहेत. गणना बघितल्याशिवाय आकडा सांगणं बरोबर नाही, आणि वाटणीचा प्रश्न असताना तर नाहीच.

तुम्ही असं करा: नोटेचं दोन्ही बाजूंचं स्कॅन, सनद क्रमांक आणि नोटेचा क्रमांक मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. आजींचं नाव-गाव कुठेही जाणार नाही. मी गणना सांभाळणाऱ्यांना विचारतो. नोंदीत आधीपासून नसेल तर ही नवी नोंद होईल. मग शेजारच्या गावांच्या तशाच दुर्मीळ नोटा कितीला गेल्या ते काढून आपल्याला अंदाजाची खालची आणि वरची मर्यादा ठरवता येईल. वाटणीसाठी मधला आकडा धरा, आणि तो कसा काढला हे एका कागदावर लिहून नातवंडांना द्या. पुढे थोरल्या नातीला विकावीशी वाटली तर तो कागद करासाठीही उपयोगी पडेल. मात्र आजी हयात असताना दिलेली भेट आणि वारशाने आलेली वस्तू यांचे कराचे नियम वेगळे आहेत, तेवढं सल्लागाराला विचारून मगच नोट हातात द्या.

आणि ऑर्गन वाजवणाऱ्या कॅशियरबद्दल आजींना जे जे आठवतं ते लिहून घ्या. बँकांच्या इतिहासाच्या पानांवर तारखा आणि भांडवलाचे आकडे सापडतात, ही माहिती कुठेच नसते.

मृण्मयी_ओहायो

स्कॅन पाठवलंय. आजींच्या आठवणी शनिवारी रेकॉर्ड करते.